टेन्शन आणि डिप्रेशनमध्ये निर्णय का बिघडतात, आणि तेव्हा घरच्यांनी काय करायचं

डिप्रेशन ओळखायला डॉक्टर लोक लक्षणांची जी यादी वापरतात त्यात झोप बिघडणं, भूक जाणं, कशातच मन न लागणं हे असतं ते बऱ्याच जणांना माहितीये, पण त्याच यादीत "निर्णय घेता न येणं" हेसुद्धा लिहिलेलं आहे. हे कोणाला सांगितलं की समोरचा जरा गप्प होतो, कारण घरात आपण या गोष्टीला भलतंच काहीतरी म्हणत आलेलो असतो. आळशी झालाय. लक्षच नाही कशात. एवढं साधं ठरवता येत नाही का तुला, आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हा घर चालवत होतो वगैरे.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि नोकरी लागली बँकेत, इथेच इंदूरला. डॉक्टर नाही मी, उपचार कोणावर करत नाही. पण बँकेत लोक निर्णय हातात घेऊनच येतात, एफडी मोडायचीये, सोनं ठेवून लोन हवंय, मुलीच्या कोचिंगची फी भरायचीये, भावाचं नॉमिनेशन आजच्या आज काढून टाकायचंय, आणि बरीच वर्षं हे बघितल्यावर शांत डोक्याने ठरवलेलं काय आणि जीव मुठीत धरून ठरवलेलं काय हे फॉर्म भरतानाच दिसायला लागतं. शिकलेलं आणि बघितलेलं एकत्र करून हे लिहितेय, कारण आपल्या मराठी घरांत, मग ते रामबागेतलं असो की सुदामा नगरातलं, या विषयावर बोलणं होतं ते फार तर "टेन्शन नको घेऊस रे" इतकंच, आणि तेवढ्याने कोणाचंच काही होत नाही.

आधी निर्णय घेताना डोक्यात नक्की काय चालतं ते बघू. आपल्याला वाटतं निर्णय म्हणजे हिशोब, फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला, जे जास्त भरेल ते करायचं. अंतोनियो दामासियो नावाच्या न्यूरॉलॉजिस्टकडे एक पेशंट होता, त्याच्याबद्दल लिहिताना त्यांनी त्याला एलियट असं नाव दिलं. त्याच्या कपाळाच्या मागे ट्यूमर झाला होता, ऑपरेशन करून तो काढला आणि त्याबरोबर मेंदूचा तिथला थोडा भागही काढावा लागला. नंतर बुद्धीच्या सगळ्या टेस्ट घेतल्या तर मार्क एकदम चांगले, स्मरणशक्ती ठीक, बोलणं ठीक. पण माणसाचं आयुष्य कोसळलं. ऑफिसात कागद लावायला बसला तर तारखेप्रमाणे लावू की विषयाप्रमाणे यातच दुपार जायची, नोकरी गेली, नको त्या धंद्यात पैसे घालून बसला, लग्न मोडलं. आणि हे सगळं तो दामासियोंना सांगायचा ते दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं, चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्याच अशा आणखी एका पेशंटला पुढच्या अपॉइंटमेंटसाठी दोन तारखांमधली एक निवडायला सांगितली, तर तो डायरी काढून जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे मोजत बसला, पाऊस असेल का, दुसरं काम येईल का, आणि शेवटी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की दुसऱ्या तारखेला या, तर लगेच म्हणाला बरं, चालेल.

हिशोब एलियटला येत होता. कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली सोडून द्यायची हे आतून जे कळतं, पोटात जे जाणवतं, ते बंद झालं होतं. म्हणजे साधा निर्णय घ्यायला पण निदान तीन कामं लागतात. चार गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं, अजून न घडलेलं डोळ्यांसमोर आणणं, आणि त्यातलं काय बरं वाटेल काय नको वाटेल याचा आतून अंदाज येणं. टेन्शन आणि मानसिक आजार या तिन्ही कामांत ढवळाढवळ करतात, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी, म्हणून डिप्रेशनवाल्याचा बिघडलेला निर्णय आणि घाबरलेल्या माणसाचा बिघडलेला निर्णय दिसायला अगदी वेगळे असतात.

टेन्शनचं आधी. थोडं टेन्शन कामाचंच असतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी जे भराभर वाचून होतं ते त्याच्याच जोरावर. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले त्यात दिसलं होतं की काम अवघड असेल तर सौम्य धक्क्यावर उंदीर नीट शिकतात आणि धक्का फार वाढवला की शिकणं उलट बिघडतं. पण टेन्शन जोराचं असेल, आणि विशेष करून आपल्या हातात काही नाही असं वाटायला लावणारं असेल, तर कपाळामागचा जो विचार करणारा भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात त्याला, तो थोडा वेळ ढिला पडतो. येल युनिव्हर्सिटीच्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक वर्षं हेच तपासलंय. नॉरअॅड्रेनलिन आणि डोपामिन ही रसायनं अति झाली की या भागातल्या पेशींचे एकमेकींशी असलेले जोड तेवढ्यापुरते कमजोर होतात आणि कारभार जातो भीतीच्या आणि सवयीच्या यंत्रणेकडे. समोर बिबट्या असेल तर हे बरोबरच आहे, तिथे विचार करत बसणारा वाचणार नाही. पण समोर बिबट्याऐवजी लोनची नोटीस असेल तर पळून किंवा अंगावर धावून जाऊन काही होत नाही, तिथे विचारच करायला लागतो, आणि नेमका तोच करणारा भाग त्या वेळी दुबळा असतो.

अजून एक गोष्ट, कोर्टिसोल नावाचं जे टेन्शनचं हार्मोन आहे ते रक्तात सगळ्यात जास्त वाढतं ते घटना घडल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी. म्हणजे भांडण संपलं, दार आपटून झालं, आता मी शांत आहे असं वाटून माणूस मोबाईल हातात घेऊन राजीनाम्याचा मेल टाईप करायला बसतो, ती वेळ खरं तर शरीराच्या हिशोबाने अजून गरमच असते.

१९८७ साली केनन नावाच्या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. लोकांना अनेक पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न दिले आणि काही जणांना मध्येच शॉक बसू शकतो अशी भीती घातली. भीती असलेले लोक सगळे पर्याय बघायच्या आतच उत्तर देऊन मोकळे होत होते, आणि पर्याय बघत होते ते पण क्रमाने नाही, इथून तिथून. मला हा प्रयोग वाचल्यावर काउंटरवरचे कितीतरी चेहरे आठवले.

त्यातला एक सांगते. एक रिटायर्ड काका, पेन्शन आमच्याच शाखेत, दर महिन्याला येऊन पासबुक छापून घेणारे, एक एक एंट्री वाचणारे. ते एका दुपारी आले आणि एफडी मुदतीआधी मोडायचा फॉर्म मागितला, सगळ्या एफडींचा. शर्टाच्या खिशात फोन, स्क्रीन चालू, मधूनमधून हात खिशाकडे जातोय. मी म्हटलं काका बसा, पाणी घ्या, तर म्हणाले वेळ नाहीये, तू फक्त पैसे या खात्यात टाक. व्याज किती कमी होईल ते सांगितलं तर ऐकूच आलं नाही त्यांना. सहीच्या जागी तारीख लिहिली आणि तारखेच्या जागी सही केली. जो माणूस दोन रुपयांचा एसएमएस चार्ज का कापला म्हणून विचारायला येतो तो! मी एक कागद पुढे सरकवला आणि लिहिलं, "फोनवर कोण आहे?" त्यांनी बराच वेळ त्या कागदाकडे बघितलं आणि खाली लिहिलं, "सीबीआय."

डिजिटल अरेस्ट म्हणतात ती हीच फसवणूक, आणि ती मेंदूच्या याच कमजोरीवर उभी आहे. अचानक भीती, तुमच्या नावाचं पार्सल सापडलं, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, मग घाई, दोन तासात करा, मग एकटं पाडणं, कोणाला सांगितलं तर घरच्यांना पण अटक, आणि फोन ठेवायचाच नाही म्हणजे डोकं थंड व्हायला फटच मिळत नाही. या फसवणुकीत डॉक्टर, प्रोफेसर, मोठे अधिकारी सापडतात तेव्हा लोक म्हणतात एवढे शिकलेले आणि अक्कल कशी नाही, आणि मला याचा राग येतो, कारण अक्कल होतीच, ती त्या वेळी चालू नव्हती. भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा काही प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बात मध्ये यावर बोलताना जे तीन टप्पे सांगितले, रुको, सोचो, अॅक्शन लो, त्यातला पहिला सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण थांबल्याशिवाय विचार करणारा भाग परत कामाला येतच नाही. काकांचे पैसे वाचले, पण ते नंतर बरेच दिवस शाखेत आलेच नाहीत, मुलगा यायचा पासबुक घेऊन. लाज वाटत होती त्यांना. त्यांनी लाजावं असं त्यात काहीच नव्हतं.

हे झालं अचानक आलेल्या टेन्शनचं. रोजचं, महिनोन् महिने चाललेलं टेन्शन वेगळ्या पद्धतीने काम करतं. २०१३ साली सायन्स या जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, म्हणजे तोडणीच्या आधी हात आखडलेला आणि तोडणी होऊन पैसे मिळाले की जरा मोकळं. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळेला बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या टेस्ट दिल्या. तोडणीआधी त्याच माणसाचे मार्क कमी, नंतर जास्त. माणूस तोच, शिक्षण तेच, मधल्या काळात काही हुशारी वाढलेली नाही. पैशाची चिंता डोक्यात जागा अडवून बसलेली होती इतकंच. ओट्यावर कालची भांडी, दळणाचा डबा, भरलेली पिशवी, सगळं पसरलेलं असेल तर भाजी चिरायला जागाच उरत नाही तसं, मग हातात कितीही चांगली सुरी असो. ज्या घरात आजारपण चाललंय, कोर्टकेस चालू आहे, कोणाची दारू सुटत नाहीये, तिथल्या बाईला आपण म्हणतो हल्ली हिला काही सुचत नाही, तिच्या ओट्यावर काय काय आहे ते बघत नाही.

आणि या लांबलेल्या टेन्शनमध्ये माणूस सवयीकडे जास्त झुकतो. २००९ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं की आठवडे चाललेल्या ताणानंतर त्यांना आता एखाद्या गोष्टीची गरज नसली तरी ते जुन्या सवयीने तेच बटण दाबत राहतात, आणि मेंदूतही विचारपूर्वक करण्याचा भाग आक्रसलेला आणि सवयीचा भाग वाढलेला दिसला. ताण संपला की बऱ्याच अंशी हे पूर्ववत होतं हेही त्याच टीमने नंतर दाखवलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता डिप्रेशन. इथे घाई नसते, उलट सगळं थिजलेलं असतं. डिप्रेशनमध्ये पुढे काही चांगलं होईल याचा आतून येणारा अंदाज जवळजवळ बंद पडतो आणि कुठल्याही कामाला लागणारी मेहनत मात्र डोंगराएवढी वाटते. मग हिशोब कसाही केला तरी उत्तर एकच येतं, नको. लग्नाला यायचंय? नको. सानंदच्या, म्हणजे इथल्या मराठी संस्थेच्या, नाटकाचं तिकीट काढू? नको. इंटरव्ह्यू द्यायचाय? काय उपयोग. घरच्यांना वाटतं हा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नाहीये, त्याच्या डोक्यात "बरं वाटेल" या रकान्यात आकडाच येत नाहीये.

दुसरं, डिप्रेशनमध्ये आठवणी धूसर होतात. मार्क विल्यम्स वगैरे मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून हे दाखवलंय की डिप्रेशन असलेल्या माणसाला एखादा आनंदाचा प्रसंग सांगा म्हटलं तर तो अमुक दिवशी अमुक झालं असं सांगू शकत नाही, "लहानपणी सुट्टीत बरं वाटायचं" असं मोघम सांगतो. वरवर ही छोटी गोष्ट वाटते, पण निर्णय आपण जुन्या अनुभवावरच घेतो ना, मागे नोकरी गेली होती तेव्हा कोणाला फोन केला होता, पहिला पगार किती दिवसांनी आला होता, हे बारीकसारीक आठवलं तर पुढचा रस्ता दिसतो. ते आठवतच नसेल तर हातात उरतं "माझं नेहमी असंच होतं" एवढंच, आणि त्यावरून कोणी काय ठरवणार.

आता जे सांगणार आहे ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते कमी लोकांपर्यंत पोचलंय. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी न थांबणारे शॉक बसले होते ती नंतर सुटका शक्य असतानाही नुसती बसून राहिली. त्यावरून सिद्धांत निघाला की असहायता शिकली जाते, पुढे तो डिप्रेशनला पण लावला गेला. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरचं नवीन संशोधन समोर ठेवून लिहिलं की आमचं उलटं झालं होतं. लांबलेल्या त्रासात गप्प बसून राहणं हे शिकावं लागत नाही, ती मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं, आणि हे शिकल्यावर कपाळामागचा भाग त्या गप्प बसवणाऱ्या यंत्रणेला आवर घालतो. स्वतःचाच गाजलेला सिद्धांत असा फिरवून लिहिणं हे पण किती मोठं आहे.

याचा घरातला अर्थ काय तर, ज्या माणसाला निर्णय जड जातायत त्याच्या हातातून सगळेच निर्णय काढून घेतले तर आपण त्याला नेमकी तीच गोष्ट शिकू देत नाही जिची त्याला गरज आहे. आपल्याकडे मात्र हेच होतं, आणि प्रेमापोटी होतं. भंवरकुआच्या कोचिंगला बुऱ्हाणपूर, खंडव्याकडून आलेली आपली मराठी मुलं असतात, नीटची नाहीतर पीएससीची तयारी, तिसरा अटेम्प्ट, मुलगा खोलीतून बाहेर येईना म्हणून आईवडील येतात आणि एका दिवसात सगळं ठरवून टाकतात, खोली सोडायची, कोचिंग बंद, मामाच्या दुकानात बसायचं. कदाचित यातलं काही बरोबरही असेल. पण तो मुलगा शेजारी बसलेला असतो आणि त्याला कोणी विचारत नाही, सामान आज न्यायचं की रविवारी एवढंसुद्धा नाही. मला हे बघवत नाही.

मोठे निर्णय आणि छोटे निर्णय यांना वेगवेगळं वागवायचं. मोठे, परत न फिरणारे, म्हणजे नोकरी सोडणं, घर विकणं, घटस्फोटाच्या कागदावर सही, सगळी बचत एका ठिकाणी घालणं, हे शक्य असेल तर पुढे ढकलायचे, आणि "नको" असं न म्हणता तारीख ठरवून ढकलायचे, दिवाळीनंतर बघू, तोपर्यंत डॉक्टरांकडे जाऊन येऊ. डिप्रेशनच्या औषधांचा असर दिसायला पण काही आठवडे लागतात, पहिल्याच आठवड्यात आयुष्याचे फैसले करू नयेत. एक गोष्ट मात्र ढकलायची नाही, घरात मारहाण होत असेल, जीवाला धोका असेल तर तिथून बाहेर पडणं, ते आधी.

छोटे निर्णय मात्र त्याच्याकडेच राहू द्यायचे, फक्त प्रश्न सोपा करायचा. "काय खाशील?" हा डिप्रेशनवाल्या माणसाला फार मोठा प्रश्न आहे. "पोहे करू की उपमा?" हा झेपतो. आणि पोहे म्हणाला तर पोहेच करायचे, उपम्याचा रवा भाजायला घेतला होता म्हणून त्याच्यावर उपमा लादायचा नाही, कारण त्याच्या बोलण्याने काहीतरी घडलं हे त्याला दिसायला हवं. मानसोपचारात बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणून जी पद्धत आहे ती याच्या जवळचीच, मन तयार होईपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटंसं काहीतरी करायचं, उत्साह मागून येतो.

चिंतेच्या आजारात, म्हणजे एन्झायटीत, गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. तिथे भविष्य दिसतं, फार स्पष्ट दिसतं, पण वाईटच दिसतं आणि ते होणारच असं वाटतं. मग माणूस टाळतो. टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी टाळायची इच्छा अजून वाढते, असं करत करत जग लहान होत जातं, आधी स्टेजवर बोलणं बंद, मग लग्नाला जाणं, मग फोन उचलणं. ओसीडीमध्ये, म्हणजे तेच तेच विचार येऊन तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, खात्री करून घेण्याचं चक्र असतं. नेदरलँड्सच्या वान डेन हाऊट आणि किंट यांनी २००३ मध्ये साध्या निरोगी लोकांना कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दाखवलेली गॅसची शेगडी बंद आहे का हे पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. आठवण चुकीची झाली नाही, पण ती आठवण फिकी झाली आणि तिच्यावरचा भरवसा गेला. म्हणजे जितक्या वेळा तपासाल तितकी शंका वाढेल. म्हणून "जा, अजून एकदा बघून ये म्हणजे तुझं समाधान होईल" हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी उपयोगाचा नाही.

बायपोलर या आजारात मन कधी डिप्रेशनमध्ये खाली जातं तर कधी अति उत्साहात वर, आणि तो अति उत्साहाचा, मेनियाचा काळ म्हणजे याच्या बरोब्बर उलट. तीन तास झोप, तरी दमत नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात एकाच वेळी चार धंदे, आणि प्रत्येक धंदा चालणारच याची खात्री. बेफाम खर्च आणि अविचारी गुंतवणूक ही त्या आजाराच्या लक्षणांतच मोडते. आम्हाला बँकेत हे दिसतं, आणि अवघड असं की त्या वेळी तो माणूस फार छान वागतो, सगळ्यांना चहा पाजतो, कोणाला आजारी वाटतच नाही. अशा घरांनी बरं असतानाच एकत्र बसून ठरवलेलं चांगलं, कार्डाची लिमिट कमी, मोठ्या रकमेचं खातं दोघांच्या सहीचं, आणि झोप कमी झाली की डॉक्टरांना फोन करायचा. पेशंटच्या संमतीने, त्याच्या पाठीमागे नाही.

इथे कायद्याचं सांगायलाच हवं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ पासून लागू आहे, तो असं मानतच नाही की मानसिक आजार आहे म्हणजे निर्णयाची क्षमता गेली. माहिती समजत असेल, परिणाम लक्षात येत असतील आणि आपलं म्हणणं कसंही, खाणाखुणांनी का होईना, सांगता येत असेल तर आपल्या उपचारांचा निर्णय तो माणूस घेऊ शकतो. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्यांना निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. याच कायद्याने कोणत्याही सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की पुढे माझी तशी अवस्था झाली तर मला कसे उपचार द्यावेत, कसे देऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडेही हा कायदा तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून बघतो, आणि त्याला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो. आत्महत्येचा विचारही शेवटी अशाच अवस्थेत आलेला असतो, जिथे बाकीचे सगळे रस्ते दिसेनासे झालेले असतात, आणि ती अवस्था बहुतेकदा ओसरते. घरात कोणी तसं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, सरळ विचारा, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, आणि लगेच मदत बोलवा.

आणि बिघडलेल्या अवस्थेत काही ठरवून झालंच असेल तर? लोक समजतात त्यापेक्षा बरंच काही परत फिरवता येतं. पैसे फसवणुकीत गेले असतील तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर रक्कम पुढे जायच्या आत अडवली जाण्याची शक्यता असते. विमा पॉलिसी दडपणाखाली घेतली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. राजीनामा दिला असेल तर तो लागू व्हायच्या आत मागे घ्यायला बोलून बघायला काय हरकत आहे, एचआरचे लोकही माणसंच असतात. मोडलेली एफडी नवीन करता येते, व्याज थोडं जाईल. हे सगळं करताना "तू असं केलंसच का" हा प्रश्न मात्र बाजूला ठेवा, त्याने फक्त पुढच्या वेळी लपवणं वाढतं.

राहिला डॉक्टरांकडे जायचा निर्णय, आणि तोच सगळ्यात अवघड, कारण तो त्याच थकलेल्या डोक्याने घ्यायचा असतो. आमच्या इंदूरात बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, शहरात प्रायव्हेट सायकियाट्रिस्टही पुष्कळ आहेत, पण कोणाकडे, किती वाजता, कोणी बघितलं तर, या विचारांतच महिना जातो. तेव्हा नंबर तुम्ही शोधा, वेळ तुम्ही घ्या, गाडी तुम्ही काढा, आणि त्यांना विचारा की मंगळवारी सकाळी जमेल की गुरुवारी संध्याकाळी. तेवढंही होत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलता येतं. घरचे स्वतःसाठी सल्ला विचारायला पण तिथे फोन करू शकतात, आणि नंबर तुम्ही लावून दिला आणि बोलले ते, तरी चालतं.